रिमोट डेस्कटॉपमधील चित्रप्रेषण

एका संगणकाचा पडदा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर दाखवताना रिझोल्यूशन, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रे), बिटरेट (सेकंदाला किती डेटा), रंगांची बारकाई आणि कोडेक (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) ठरवावे लागतात. १९२० × १०८० पिक्सेलचा पडदा, २४ बिट रंग आणि सेकंदाला ६० फ्रेम असा हिशेब केला, तर कच्चा डेटा सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट भरतो. एवढा डेटा नेहमीच्या इंटरनेट जोडणीवरून जात नाही. तेव्हा काही ना काही गाळावे लागते, आणि काय गाळायचे हे कामावर अवलंबून असते.

केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत तयार झालेली व्हीएनसी ही रिमोट डेस्कटॉपची प्रणाली पडद्याचे बदललेले चौकोनच तेवढे पाठवते. खिडकी सरकवली, तर ‘तिथला तुकडा इथे उतरव’ एवढा निरोपही पुरतो. मायक्रोसॉफ्टची अशीच प्रणाली, आरडीपी, १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आली. ती मुख्यतः रेघा आणि अक्षरे काढण्याच्या आज्ञा धाडत असे. स्थिर पडद्याला हे झकास चालते. पण व्हिडिओ सुरू केला की पडद्याचा मोठा भाग क्षणाक्षणाला बदलतो आणि ही काटकसर संपते. म्हणून आता एच.२६४, एचईव्हीसी किंवा एव्ही१ या व्हिडिओ कोडेकांचा आधार घेतला जातो.

या कोडेकांचा नेहमीचा ४:२:० प्रकार चार पिक्सेलांना मिळून रंगाचा एकच नमुना ठेवतो. चित्रपटात ते जाणवत नाही. पण निळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरे मात्र लगेच फिसकटतात. बिटरेट कितीही चढवला तरी हा दोष जात नाही, त्याला प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा ठेवणारा ४:४:४ हाच उपाय. विंडोजच्या ग्रुप पॉलिसी या सेटिंगांच्या यादीत एव्हीसी ४४४ ला (म्हणजे एच.२६४ च्या ४:४:४ प्रकाराला) प्राधान्य देण्याची सोय आहे. कोड किंवा हिशेबाचे तक्ते पाहणाऱ्याने फ्रेमरेट कमी ठेवून रंग पूर्ण घ्यावेत. खेळ किंवा ॲनिमेशनसाठी नेमके उलट.

सर्वाधिक गल्लत बिटरेटमध्ये होते. मर्यादा ठरते ती मुख्यतः ज्याचा पडदा पाहायचा त्या यंत्राच्या अपलोड वेगाने, आणि अनेक जोडण्यांवर तो डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. त्याहून जास्त बिटरेट ठेवला की पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत तुंबतात, माउस हलवल्यावर बाण उशिरा सरकतो आणि दोष विनाकारण कोडेकवर येतो. बिटरेट अपलोड वेगाच्या बराच खाली आणला की चित्र थोडे मऊ पडते, पण माउसला लगेच प्रतिसाद मिळतो. पुढच्या फ्रेमची वाट पाहणाऱ्या बी-फ्रेम याच कारणासाठी सहसा टाळतात, तर हरवलेल्या पाकिटासाठी सगळे अडून राहू नये म्हणून हरवलेले पाकीट पुन्हा मागवणाऱ्या टीसीपीऐवजी न थांबता पुढे पाठवत राहणारी यूडीपी ही पद्धत पसंत करतात. ग्राफिक्स कार्डात हार्डवेअर एन्कोडर (चित्र दाबणारा भाग) असेल तर तोच वापरावा; प्रोसेसरवरचा भार हलका होतो.

फ्रेमरेट वाढवूनही फरक दिसला नाही, तर मर्यादा इतरत्र शोधावी. विंडोजचे रिमोट सत्र मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर अडते. ते ६० पर्यंत नेण्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या नोंदवहीत) ‘डीडब्ल्यूएम फ्रेम इंटर्व्हल’ ही किंमत १५ करावी लागते.

मॉनिटरच न जोडलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. प्रत्यक्ष पडदा टिपणारी साधने तिथे अनेकदा काळा पडदा किंवा फारच कमी रिझोल्यूशन दाखवतात. मॉनिटर असल्याचा भास निर्माण करणारा एचडीएमआय डमी प्लग किंवा आभासी डिस्प्ले ड्रायव्हर बसवला की काम भागते.