गाळे, शटर आणि सोलापूरचं ऊन : साध्या व्यापारी इमारतींच्या ‘व्ह्यू’ची पार्श्वभूमी

होटगी रस्त्यावर किंवा जुळे सोलापुरात एखाद्या रिकाम्या प्लॉटभोवती पत्रे उभे राहिले की थोड्याच दिवसांत त्यावर फ्लेक्स लागतो. तळमजल्यावर सहा गाळे, वर दोन मजले ऑफिसं, कोपऱ्यात काचेतला जिना, मागे निळं आकाश. होणाऱ्या इमारतीच्या अशा चित्रालाच ‘व्ह्यू’ म्हणतात. पाया खोदण्याआधीच इमारत दिसायला लागते आणि गाळ्यांची बोलणीही त्या चित्रासमोर उभं राहून होतात. हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की अशा साध्या इमारतीच्या वाट्याला स्वतःचं चित्र अगदी अलीकडे आलं याचा विसर पडतो. मोठ्या इमारतींची चित्रं शतकानुशतकं निघत आली. चार शटरच्या इमारतीचं चित्र काढायला मात्र कोणी बसत नव्हतं.

सोलापुरात १८५२ मध्ये नगरपालिका आली, १८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. गिरण्यांच्या पैशावर पेठा वाढल्या, दुकानं वाढली. यातलं साधं दुकान बांधताना मालकापुढे फार तर नकाशा असे, आणि तोही पुष्कळदा मिस्त्रीच्या डोक्यात. नमुना म्हणून शेजारची उभी इमारत असायचीच. तिच्याकडे बोट दाखवायचं आणि एक खण जास्त किंवा कमी सांगायचा. पुढे मंजुरीसाठी प्लॅन (वरून), सेक्शन (मधोमध कापून), एलेव्हेशन (समोरून) असे कागद लागू लागले. पण ते अभियंत्याला आणि कचेरीला वाचता येत. दुकान घेणाऱ्या माणसाला त्या रेघांमधून आपला ओटा केवढा आणि बोर्ड कुठे हे कळणं अवघडच होतं.

युरोपात ही दरी बुजवण्याचं काम यथार्थदर्शनाने, म्हणजे जवळचं मोठं आणि दूरचं लहान काढायच्या परस्पेक्टिव्हच्या रीतीने केलं. लिऑन बात्तिस्ता अल्बर्तीने १४३५ मध्ये त्याचे नियम लिहून काढले आणि पुढे वास्तुचित्रकार हा वेगळा पेशाच झाला. आपल्या जवळचं उदाहरण मुंबईचं आहे. ज्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने सोलापूर गाठलं, तिच्याच बोरीबंदरच्या इमारतीचं जलरंगातलं चित्र अॅक्सेल हेग याने १८७८ मध्ये रंगवलं. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सची ती इमारत पुरी व्हायला आणखी दहा वर्षं लागली. इमारतीआधी चित्र ही प्रथा त्यामुळे आपल्याकडे नवी नाही. पण ती राजेशाही थाटाच्या इमारतींपुरती होती.

त्या काळच्या चित्रशाळांतला सावलीचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ऊन कायम डाव्या बाजूने, वरून आणि पुढून येतं असं धरायचं, आणि प्लॅन असो वा एलेव्हेशन, दोन्हींत किरण ४५ अंशांतच काढायचा. याचा फायदा असा, की छज्जा भिंतीपासून तीन फूट पुढे असेल तर त्याची सावलीही बरोबर तीन फूट खाली पडते. सपाट कागदावर सावली मोजली की खोली कळते. ती सावली खऱ्या उन्हाची नव्हती आणि कोणी तसा दावाही करत नव्हतं; ते एक माप होतं. आजच्या चित्रात सावली दिसायला खरी असते, पण तिच्यावरून छज्जा मोजता येत नाही.

व्यापारी इमारतींकडे हे चित्र वळलं ते अमेरिकेत. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये बांधकामाचे नियम केले, रस्त्यावर उजेड यावा म्हणून उंच इमारती वर जाताना मागे सरकवायला लावल्या. १९२२ मध्ये चित्रकार ह्यू फेरिसने कोळशाने चित्रं काढून दाखवलं, की या नियमाखाली प्लॉटवर जास्तीत जास्त केवढा आकार बसतो आणि त्यातून ऑफिसांची इमारत कशी कोरून निघते. आज आपल्याकडे एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल याचं प्रमाण) आणि साइड मार्जिन (बाजूला सोडायची जागा) धरून आधी ठोकळा उभा करतात, त्याच रीतीची ती सुरुवातीची आणि अतिशय देखणी चित्रं आहेत.

महाराष्ट्रात हाताने काढलेल्या परस्पेक्टिव्हचा काळ विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत टिकला. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन, पोस्टर कलर, आकाशासाठी एअरब्रश. व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळतात तो बिंदू, कागदाबाहेर गेला तर टेबलाच्या कडेला टाचणी ठोकून दोरा ताणायचा. एका चित्राला कितीतरी दिवस जात, आणि खिडकी एक फूट सरकवायची म्हटली तर चित्र जवळजवळ नव्याने काढावं लागे. म्हणून बँकेचं मुख्यालय, थिएटर, मोठं हॉटेल यांना परस्पेक्टिव्ह मिळे. अशोक चौकात खाली सायकलचं दुकान आणि वर क्लास असलेल्या इमारतीसाठी एवढा खर्च कोण करणार?

तो खर्च उतरला संगणकामुळे, आणि तोही एका दमात नाही. इव्हान सदरलँडने १९६३ मध्ये संगणकाच्या पडद्यावर रेघा काढून दाखवल्या, नकाशे काढायचं ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं. पण रेघ आणि उजेड यांत फार मोठं अंतर होतं. १९८० मध्ये टर्नर व्हिटेडने प्रकाशाच्या किरणाचा उलट दिशेने, म्हणजे डोळ्यापासून वस्तूकडे, माग काढायची पद्धत पुढे नेली. आरसा, काच, सावली यांची एकाच गणिताने उकल झाली. काचेच्या गोळ्यांचं त्याचं ते छोटं चित्र तयार व्हायला तेव्हाच्या संगणकाला ७४ मिनिटं लागली.

आपल्या गाळ्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं काम १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात झालं. व्हिटेडच्या पद्धतीत जिथे थेट ऊन नाही तिथला उजेड नीट येत नसे. खऱ्या जगात मात्र छज्जाखालच्या ओट्यावर उजेड असतोच. तो रस्त्यावरून, पायऱ्यांवरून, समोरच्या भिंतीवरून उसळून येतो, आणि येताना त्यांचा रंगही घेऊन येतो. तांबड्या भिंतीशेजारची पांढरी भिंत किंचित तांबूस दिसते ती यामुळेच. कॉर्नेलच्या मंडळींनी हा परावर्तित उजेड मोजायची रीत दिली, आणि १९८६ मध्ये जेम्स काजियाने सगळा प्रकाशव्यवहार एका समीकरणात बसवला. दुकान म्हणजे मुळात रस्त्याकडे उघडी असलेली सावलीतली जागा. तिचं चित्र खरं वाटू लागलं ते या दोन पायऱ्यांनंतरच.

पुढची प्रगती स्वस्ताईची, म्हणजे इमारत संगणकात उभी करून तिचं चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. १९९० मध्ये थ्रीडी स्टुडिओ, २००२ मध्ये बल्गेरियातलं व्ही-रे, त्याच वर्षी ब्लेंडर खुलं झालं, २००६ मध्ये गूगलने स्केचअपची फुकट आवृत्ती दिली. साध्या पीसीवर काम होऊ लागलं आणि थ्रीडी करणारी मुलं सोलापूरसारख्या गावातही बसू लागली. फाइल रात्री रेंडरला, म्हणजे चित्र तयार करायला, लावायची आणि सकाळी बघायची, असा शिरस्ता. ते राज्यभर भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे यूपीएस दमला की रात्रभराचं काम पहाटे जायचं. आता ग्राफिक्स कार्डावर तेच चित्र मिनिटांत, कधी बघता बघता तयार होतं.

उजेडाचं गणित सुटलं तरी बरेच व्ह्यू खोटे वाटतात, आणि साध्या इमारतीत ते चटकन उघडं पडतं. मनोऱ्यासारखी इमारत आपण रोज पाहत नाही, तिला आकार साथ देतो. गाळ्यांची इमारत मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांत पक्की बसलेली असते. प्लास्टरचा कोपरा सुरीसारखा धारदार दाखवला, शहाबादी फरशीचा एकच तुकडा शिक्क्यासारखा ओळीने उमटवला, की डोळा लगेच अडतो. काचेचंही तेच. भर दुपारी बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा कित्येक पट जास्त असतो. त्या वेळी एसीपीच्या (अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या) चौकटीतली काच समोरची इमारत, विजेच्या तारा आणि रस्ता दाखवते, आतलं शोरूम नाही. तरीही व्ह्यूमध्ये भर उन्हात आतले दिवे लख्ख दिसतात.

आणि ऊन. स्केचअपमध्ये जागा बदलली नाही तर सूर्य अमेरिकेतल्या बोल्डर गावाचा राहतो, म्हणजे ४० अंश उत्तरेचा. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला. सोलापूर साधारण साडेसतरा अंशांवर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दिवसभर उत्तरेच्या बाजूलाच राहतो. या काळात दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही; तापतो तो उत्तरमुखी गाळा. डिसेंबरात उलट, भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम ४९ अंशांवर असतो. बोल्डरच्या सूर्यावर काढलेल्या व्ह्यूमध्ये उत्तरेचा गाळा मे महिन्याच्या दुपारी सावलीत दिसतो. चाळिशीपलीकडे पारा जाणाऱ्या गावात ही चूक बारीक नाही. त्या चित्रावर विसंबून छज्जा आखूड ठेवला तर दुकानदाराला पुढची सगळी वर्षं ताडपत्री बांधून काढावी लागतात.

व्ह्यूमधून वगळलेल्या गोष्टींची यादी सगळीकडे जवळपास सारखीच असते : दुकानांचे बोर्ड, एसीची बाहेरची यंत्रं, पाण्याच्या टाक्या, विजेची डीपी, दारापुढच्या दुचाकी. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून हे होतं, ते समजण्यासारखं आहे. पण बोर्डासाठी पट्टा आणि यंत्रांसाठी जागा चित्रातच ठरली नाही, तर ती नंतर प्रत्येक भाडेकरू आपापल्या सोयीने ठरवतो.

कायद्याने या चित्रांची दखल घेतली ती २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीच्या कायद्यात. त्यातल्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विश्वास ठेवून पैसे भरलेल्या आणि नुकसान सोसलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते. दुकान, ऑफिस, गोदाम हेही कायद्याच्या व्याख्येत येतात. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा आठपर्यंत युनिटच्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही, आणि लहान प्लॉटवरची गाळ्यांची इमारत पुष्कळदा त्यातच बसते. २०२२ पासून तर नुसत्या वर्णनावरून चित्र काढून देणारी एआयची साधनं आली. त्यांत मॉडेलच, म्हणजे संगणकात मापाने उभी केलेली इमारतच, नसते. छज्जा किती फुटांचा हे त्या चित्राला विचारताच येत नाही.

मॉडेलवरून काढलेला व्ह्यू मात्र विचारलेलं सांगतो. गाळा घेणाऱ्याने समोरच्या फूटपाथवरून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, मेमधल्या दुपारी दोन वाजताचा व्ह्यू मागावा. त्याच फाइलमध्ये कॅमेरा खाली आणायचा, गाव सोलापूर करायचं आणि तारीख बदलायची, एवढंच काम असतं.