कुलूप दोन्हीकडं आहे, किल्ली कुणाकडं?

"लपवण्यासारखं काय आहे बे आपल्याकडं?" एन्क्रिप्शनचा, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याचा, विषय निघाला की पार्क चौकात आमच्या मित्रांचा हा प्रश्न ठरलेला. त्यामागोमाग दुसरं, "आणि सगळं एन्क्रिप्टेड असतंयच की आता." खरा गोंधळ या दुसऱ्या वाक्यात आहे.

कुलपं दोन तऱ्हेची. पहिलं एचटीटीपीएस, वेबसाइटच्या पत्त्याच्या सुरुवातीला https असतं ते. ते फक्त वाट बंद करतं. तुमच्या फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत, लॉजच्या वायफायवर टपून बसलेल्याला मजकूर वाचता येत नाही. सर्व्हरवर मात्र तो उघडतो. नेहमीचा ईमेल असाच चालतो आणि टेलिग्रामचं साधं चॅटही. टेलिग्राम सगळ्यांत गुप्त, असं मानणारे पुष्कळ भेटतात. सर्व्हरलाही वाचता येणार नाही असं 'सिक्रेट चॅट' तिथं मुद्दाम सुरू करावं लागतं, तेही दोघांपुरतंच. ग्रुपला ती सोय नाही.

दुसरं कुलूप एंड-टू-एंड, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात किल्ल्या बोलणाऱ्यांच्या फोनमध्येच राहतात. मधला सर्व्हर निरोप पोचवतो, पण वाचू शकत नाही. सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपची हीच पद्धत व्हॉट्सअ‍ॅपनं २०१६ साली सगळ्यांसाठी लागू केली. कोण कुणाशी कधी बोललं, हे मात्र तिनं झाकलं जात नाही.

आता लपवण्याचं. यंत्रमागवाला मित्र मुंबईच्या गिऱ्हाइकाला टॉवेलचा भाव कळवतो, बहीण सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवते. यात गुन्हा कसला? तरी तो भाव शेजारच्या कारखान्यात आणि तो रिपोर्ट गल्लीत फिरलेला कुणाला चालेल? २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो अशाच साध्या माणसांसाठीही आहे. आणि कंपनी कितीही सज्जन असो, तिचा सर्व्हर फुटू शकतो. तिथं वाचण्याजोगं काही ठेवलेलंच नसेल तर चोर नेणार काय? मला सगळ्यांत पटणारा मुद्दा हाच.

एक भोक मात्र बहुतेकांच्या फोनमध्ये उघडं असतं: बॅकअप. गूगल ड्राइव्हवर जाणारा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आपोआप एंड-टू-एंड होतोच असं नाही. २०२१ पासून तशी सोय आहे, पण ती आपण चालू करायची: सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. पासवर्ड ठेवलात तर कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण विसरलात तर व्हॉट्सअ‍ॅपलाही तो बॅकअप उघडून देता येणार नाही.