अणुवीज की सौरवीज: गोव्यातल्या वादाची पार्श्वभूमी

सांकवाळचा नाफ्थावर चालणारा ४८ मेगावॅटचा प्रकल्प बंद पडल्यापासून गोव्याची जवळपास सगळी वीज बाहेरून येते. त्यात मोठा वाटा कोळशाचा, थोडा तारापूर-काक्रापारच्या अणुभट्ट्यांचा.

अणुविजेची इथली धास्ती मात्र शेजारच्या कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्रावरून आली. पोळेचा नाका ओलांडला की कारवार, आणि काळी नदीच्या काठाने वर गेले की कैगा. मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असतानाच तिथल्या अणुभट्टीच्या घुमटाच्या आतले काँक्रीट कोसळले. व्यावसायिक वीजनिर्मितीला २००० साल उजाडले. तिथलाच पहिला संच २०१८ अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस चालला, हेही त्याच केंद्राच्या खात्यावर आहे. दरम्यान जैतापूरचे आंदोलन आणि २०११चा फुकुशिमाचा अपघात यांनी शंका वाढवल्या.

गोव्यात वीज कुठून आणायची हा विषय घराघरात पोचला तो छत्तीसगडशी जोडणाऱ्या तमनार वीजवाहिनीमुळे. एप्रिल २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, ऑनलाइन बैठकीत मोलेच्या अभयारण्यातून ४०० केव्हीची वाहिनी न्यायला वन्यजीव मंजुरी मिळाली. लोकांना बोलायची सोय नव्हती, हे सर्वांत जास्त खटकले, आणि ते रास्तच होते. राज्याचे म्हणणे, मागणी वाढतेय, दुसरी भक्कम वाहिनी हवीच. विरोधकांचा सवाल असा, की छत्तीसगडच्या कोळसापट्ट्यातली वीज आणायला पाणी आणि कार्बन धरून ठेवणारे सह्याद्रीचे रान तोडायचे, हा हवामानबदलावरचा कसला उपाय? न्यायालयाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये मधला मार्ग काढला: नवे रान न तोडता जुन्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातूनच तारा न्याव्यात. गरज नाकारली नाही, मार्ग बदलला. हा फरक वादात बऱ्याचदा हरवतो. राजस्थानची सौरवीज असो वा कुठलीही अणुवीज, गोव्यात ती तारांवरूनच येणार.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत देशाने २०३०पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे लक्ष्य जाहीर केले. त्यात अणुऊर्जा धरलेली आहे. गोव्याने स्वतःपुढे ठेवलेले २०५०चे ध्येय मात्र शंभर टक्के नवीकरणीय विजेचे. २०२५च्या अर्थसंकल्पात २०४७पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेची घोषणा झाली. कैग्यात ७०० मेगावॅटचे आणखी दोन संच ठरले आहेत.

छपरावरच्या सौर पॅनेलना आता केंद्राचे अनुदान मिळते, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये. पण जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, तेव्हा पॅनेलची वीज घटते, आणि रात्री ती नसतेच. त्या वेळी राज्याची सगळी भिस्त बाहेरच्या विजेवर, म्हणजे अजून तरी मुख्यतः कोळशावर.