मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर : पार्श्वभूमी

मधुमेहाने डोळे जातात, किडनी बिघडते, हे आज घरोघरी माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वी कोवळ्या वयात मधुमेह जडलेली मुलं तिथवर पोहोचतच नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं आणि ती मुलं जगू लागली. पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांची दुखणी वर आली. किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेहींच्या किडनीतल्या गाठी नोंदवल्या त्या १९३६ मध्ये.

रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. जेमतेम एका पेशीच्या जाडीचा थर, तो काय करणार!

त्याला भाव आला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर औषधं सोडून पाहत. ॲसिटिलकोलीन (मज्जातंतूंचा निरोप पोहोचवणारं रसायन) सोडलं की पट्टी आखडायची. १९७८ मध्ये सहायकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला आणि त्याच जातीच्या औषधाने धमनीचा तुकडा चक्क सैलावला. शोध घेतल्यावर कळलं, की आधीच्या प्रयोगांत पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जाऊन अस्तरच निघून जात होतं. मग त्यांनी अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून टांगली. तीही सैलावली. म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरत होतं. हा शोधनिबंध १९८० चा. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे १९८७ च्या सुमारास ठरलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना मिळालं.

१९९० च्या दशकात हीच तपासणी मधुमेहींच्या हातावर झाली. ॲसिटिलकोलीन देऊनही त्यांच्या वाहिन्या पुरेशा रुंदावत नव्हत्या. का, याचा सर्वांत पटणारा खुलासा मला मधुमेह-संशोधक मायकल ब्राउनली यांचा वाटतो (२००१). स्नायूंना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, अस्तराच्या पेशींना लागत नाही. रक्तात साखर वाढली की ती आत शिरतेच. पेशीला तिला अडवता येत नाही. जादा साखर जाळताना सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा उपद्रवी प्रकार तयार होतो आणि तो नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतो.

डेन्मार्कचे टॉर्स्टन डेकर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच एक धागा पकडला होता. मधुमेहीच्या लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) उतरू लागलं, तर गळती एकट्या किडनीत नसून अंगभरच्या अस्तरात असते, असं त्यांचं म्हणणं. लॅबच्या कागदावरचा मायक्रोअल्ब्युमिनचा, म्हणजे लघवीतल्या थोड्याशा अल्ब्युमिनचा, आकडा वाचून डॉक्टर हृदयाचीही चौकशी करतात, ती त्यामुळेच.