लुकास व्हान लायडनची बायबल-मुद्राचित्रे

हॉलंडमधील लायडन गावचा चित्रकार लुकास (सु. १४९४–१५३३) याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली बायबलमधील कथांची चित्रे. त्याचे पहिले सालबद्ध छापचित्र १५०८ चे आहे. म्हणजे तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा. त्याच्या हाताची सफाई पाहून काही अभ्यासक त्याचे जन्मवर्षच मागे नेतात.

पत्र्यावर कोरणीने रेघा खोदायच्या, त्यांत शाई भरून वरची पुसायची आणि ओलसर कागद ठेवून रुळांच्या दाबाखाली छापायचे, अशी ही पद्धत. दूरच्या वस्तूंसाठी लुकास रेघ फारच हलकी, बारीक कोरी. त्यामुळे अंतराचा भास उत्तम साधला, पण अशा रेघा लवकर झिजतात, म्हणून त्याचे चांगले ठसे दुर्मीळ आहेत.

त्याची खरी खुबी कथा मांडण्यात आहे. मुख्य घटना तो मागे ढकलतो. ‘सुसान्ना’त पुढे दिसतात ते चोरून पाहणारे वृद्ध पुढारी, स्नान करणारी सुसान्ना दूर, इवलीशी. १५०९ च्या चित्रात घोड्यावरून कोसळणारा शौल (नंतरचा प्रेषित पौल) पार्श्वभूमीत आहे आणि पुढे तोच, आंधळा झालेला, हाताला धरून दिमिष्काकडे (दमास्कस शहराकडे) नेला जातो आहे. १५१० चे ‘पाहा, हा मनुष्य!’ हे याचे सर्वोत्तम उदाहरण. चौक नेदरलँड्‌समधल्या शहरासारखा, पुढे पाठमोरी गर्दी आणि तिच्यापलीकडे चौथऱ्यावर काटेरी मुकुट घातलेला लहानसा येशू. चित्र पाहणारा आपोआप त्या गर्दीतलाच एक होतो. रोमन सुभेदार पिलाताचा निवाडा ऐकायला जमलेले हे लोक लुकासला येशूइतकेच महत्त्वाचे वाटले असावेत.

१५२१ मध्ये अँटवर्पला जर्मन चित्रकार ड्यूरर त्याला भेटला. त्याने लुकासचे रेखाचित्र काढले आणि स्वतःची आठ फ्लोरिन (तेव्हाची नाणी) किमतीची छापचित्रे देऊन त्याची घेतली. ‘ठेंगणा माणूस’ अशी नोंदही ड्यूररच्या रोजनिशीत आहे. त्याच वर्षी लुकासने कोरलेल्या चौदा चित्रांच्या येशू-दुःखभोग मालिकेवर ड्यूररची छाप उघड दिसते. माझ्या मते तिथे त्याची आधीची मोकळीक हरवली.

डच चित्रकार रेम्ब्राँ हा लुकासच्या छापचित्रांचा संग्राहक होता. १६५५ मध्ये त्याने ‘पाहा, हा मनुष्य!’ हाच प्रसंग पत्र्यावर घेतला, तोही चौथरा आणि पुढच्या गर्दीसह. नंतरच्या ठशांत मात्र त्याने चौथऱ्यासमोरची ती गर्दी घासून काढली आणि तिथे दोन काळ्या कमानी कोरल्या.