लॉनवरचा पसरता डाग आणि नवतपा

विदर्भात उमरेड असो, हिंगणघाट असो की दर्यापूर, गावाबाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये आता बंगल्यापुढे लॉनचा तुकडा दिसतोच. निवृत्त होऊन गावी परतलेले गुरुजी, शेतात फार्महाऊस बांधलेले डॉक्टर, मंगल कार्यालयाचे मालक, मे महिन्यात सगळ्यांची तक्रार एकच. आधी वीतभर तपकिरी डाग, आठवड्यात हातभर, नवतपा, म्हणजे मेअखेरचे रणरणते नऊ दिवस, लागेपर्यंत अर्धं लॉन. मोबाइलवर शोधलं की उत्तर तयार असतं: रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीचा रोग. दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रातून बुरशीनाशकाची पुडी येते, फवारणी होते आणि डाग पसरतच राहतो.

ते उत्तर खोटं नसतं. ते अमेरिकेच्या पूर्व भागातल्या दमट उन्हाळ्यासाठी लिहिलेलं असतं, आणि तिथल्या गवतासाठी. जर्मनीच्या युलियस क्यून यांनी १८५८ मध्ये बटाट्यावर वर्णन केलेली ही बुरशी जगात सगळीकडे आहे, आपल्या मातीतही आहे. पण नुसती असून भागत नाही. लॉनवर तिला हातपाय पसरायला रात्री २० अंशांच्या वर तापमान लागतं आणि त्याच्या जोडीला सलग दहाएक तास ओलं राहिलेलं पान. पहिली अट आपल्याकडे मे महिन्यात सहज पुरी होते. दुसरीचं काय? दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली, पारा ४५ वर, आणि रात्रीही भिंती हाताला चटके देतात. दोरीवरचं ओलं धोतर अर्ध्या तासात कडक होतं, तिथं गवताचं पातं दहा तास ओलं राहणार कसं?

गवताचा मुद्दाही महत्त्वाचा. फेस्क्यू, राय ही थंड देशांतली लॉनची गवतं गव्हाच्या चालीची. आपली हरळी, तिच्या संकरित जाती आणि रोपवाटिकेत ‘कोरियन’ किंवा ‘मेक्सिकन’ म्हणून मिळणारी बारीक पात्याची गवतं चालतात ज्वारी-उसाच्या वाटेनं. या दुसऱ्या वाटेला सी-४ प्रकाशसंश्लेषण म्हणतात. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात उसावर काम करताना ती उलगडून दाखवली. या वनस्पती पानात कार्बन डायऑक्साइड आधी साठवून घनदाट करतात, त्यामुळे उन्हात पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) थोडीशीच उघडूनही त्यांचं भागतं. ३० ते ३५ अंशांत हरळी जोमात वाढते. त्याच उन्हात फेस्क्यू कोलमडतो, आणि कोलमडलेल्या गवतावर बुरशी बसते. आपल्या कोरियन गवताला रायझोक्टोनियाचा एक भाऊबंद त्रास देतो, पण तोही पावसाळा सरताना किंवा थंडीच्या दोन टोकांना. नवतपा हा त्याचा हंगाम नव्हे.

मग पसरतं ते काय? लोकांचा गोंधळ नेमका इथं होतो. डाग पसरतोय म्हणजे काहीतरी जिवंत पसरतंय, असं आपण धरून चालतो. पण कोरडेपणासुद्धा पसरतो आणि त्याला कुठल्याही जंतूची मदत लागत नाही.

ओलं लॉन म्हणजे जमिनीवर आडवा टाकलेला कूलर. मे महिन्यात एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात सहा-साडेसहा युनिट विजेइतकी सूर्याची ऊर्जा पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट लागते. गवतानं दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पानांवाटे सोडलं, तर आलेल्या उष्णतेपैकी अर्ध्याहून जास्त तिथंच खपते आणि पानं हवेच्या आसपासच्या तापमानाला टिकतात. पाणी संपलं की पर्णरंध्रं मिटतात, वाफ थांबते आणि तीच उष्णता पानं आणि माती तापवू लागते. उघडी कोरडी माती दुपारी साठीच्या घरात जाते. तिच्यावरून सरकणारी हवा शेजारच्या हिरव्या पट्ट्यात शिरते, तिथल्या गवताला जास्त पाणी खर्चायला लावते. काठ सुकतो. नवा काठ तयार होतो. उन्हाच्या झळा वाऱ्यासोबत ज्या दिशेनं जातात त्या दिशेनं डाग लांबतो, आणि मालकाला वाटतं रोग चालत निघालाय.

सुकण्याआधी गवत सांगतंही. पातं मध्यशिरेवर दुमडतं, रंग हिरव्याचा निळसर-राखाडी होतो, चालत गेलं तर पावलांचे ठसे बराच वेळ उमटून राहतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास डागाच्या काठाबाहेरच्या, अजून हिरव्या दिसणाऱ्या पट्ट्यावरून चालून पाहा. ठसे राहिले तर उद्याचा डाग तिथंच आहे. बुरशीच्या डागाचं असं नसतं. तिथं काठावरच्या पात्यांवर फिक्या रंगाचे, गर्द तपकिरी कडेचे वेगळे ठिपके दिसतात, आणि पातं ओढलं की बुडाशी कुजलेल्या जागी अलगद निखळून हातात येतं. तहानेनं गेलेलं पातं शेंड्याकडून खाली एकसारखं वाळत येतं, ठिपक्यांशिवाय.

आता प्रश्न असा की सगळ्या लॉनला सारखंच पाणी घातलं, तर डाग अमुक जागीच का सुरू झाला? उत्तर जमिनीखाली असतं. बांधकाम संपल्यावर अंगणात विटांचे तुकडे, गिट्टी, वाळलेला सिमेंटचा माल तसाच दाबला जातो, वर मुरूम टाकतात, मग दोन ट्रॉली काळी माती पसरून लॉन लावतात. काळ्या मातीचा १० सेंटिमीटर थर गवताला साधारण १५ ते २० मिलिमीटर पाणी पुरवू शकतो. जिथं हा थर १५ सेंटिमीटर आहे तिथं एकदा भरपूर दिलेलं पाणी चार-पाच दिवस पुरतं. जिथं मुरुमावर जेमतेम पाच सेंटिमीटर माती आहे तिथं तेच पाणी दीड दिवसात संपतं. टाकीतून पाणी सारखंच पडलं, पण जमिनीची झोळी लहान.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. लांब पेचकस किंवा टोकदार सळई घ्या आणि पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी डागात, काठावर आणि हिरव्या भागात खुपसून पाहा. हिरव्या भागात सहज उतरणारी सळई डागात दोन बोटांवर खट्टकन अडली तर मुरूम किंवा मलबा हाताला लागलाच समजा. सळई शिरते पण कोरडी बाहेर येते, तर पाणी आत मुरतच नाही. वाळलेल्या मुळ्या-पानांचा मेणचट लेप मातीच्या कणांवर बसला की पाणी थेंब होऊन वरच्या वर घरंगळतं. भेगाळलेल्या काळ्या मातीत याउलट घडतं: पाणी भेगेतून थेट खोल जातं आणि दोन भेगांमधला ढेकळ्या भाग कोरडा राहतो. शिवाय भेग उघडताना मुळ्या ताणून तोडते. भेगेच्या दोन्ही बाजूंनी तपकिरी रेघ दिसत असेल तर बुरशीचा विचारसुद्धा करायला नको.

स्प्रिंकलर असेल तर एकसारखे सात-आठ स्टीलचे ग्लास लॉनभर ठेवून पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि ग्लासांतलं पाणी पट्टीनं मोजा. एकात दुसऱ्याच्या निम्मं निघणं ही रोजची गोष्ट आहे. पाइपनं पाणी देणाऱ्यांनी मात्र दुसरं पाहावं. दुपारभर उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पाणी अंगावर घेता येणार नाही इतकं तापतं, आणि नळ सोडल्यावर ते पहिल्यांदा जिथं पडतं तिथलं गवत भाजून निघतं.

खारपाणपट्ट्यातली गोष्ट निराळी आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात बोअरचं पाणीच खारं. घरोघरी आता टीडीएस मोजायचं पेनाएवढं यंत्र असतं, ते इथं कामाला येतं. टीडीएस १५०० म्हणजे लिटरमागे दीड ग्रॅम क्षार. चौरस मीटरला रोज सहा लिटर दिलं की नऊ ग्रॅम क्षार जमिनीत आले. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मार्च ते मे या नव्वद दिवसांत हा साठा चौरस मीटरला पाऊण किलोच्या वर जातो. हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते, तरी तिलाही मर्यादा आहे. इथं शेंडे आधी करपतात, मातीवर पांढुरकी साय धरते आणि पाणी वाढवलं की हाल वाढतात, कारण क्षारांतल्या सोडियममुळे चिकणमाती विखुरते आणि पाणी झिरपायची वाटच बुजते. अशा लॉनला मोबाइलवरचा कुठलाही सल्ला देण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात माती आणि पाणी तपासून घ्यावं. जिप्सम टाकायचं का आणि किती, हे त्या अहवालावरच ठरतं.

किडींबद्दल बोलताना पंचांग हाताशी ठेवावं. ‘हुमणीनं मुळ्या खाल्ल्या’ हे मे महिन्यात हमखास ऐकू येतं. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात, मग जमिनीत अंडी घालतात. मुळ्या कुरतडणारी मोठी अळी पावसाळ्यात आणि त्याच्या उतरणीला सापडते. मे महिन्यात हा किडा बहुधा प्रौढ होऊन जमिनीत खोल, पावसाची वाट पाहत निजलेला असतो. शेणखतातून आलेल्या जाड पांढऱ्या अळ्या लॉनमध्ये दिसल्या तरी घाबरू नये, त्यातल्या पुष्कळशा कुजलेल्या खतावरच जगणाऱ्या असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र डागावरचं गवत सतरंजीसारखं गुंडाळता आलं, तर हुमणीवर संशय घ्यायला पूर्ण जागा आहे.

उधईचा हंगाम मात्र हाच. मातीचे पातळ पापुद्रे वाळल्या पात्यांवर चढलेले दिसले की लोक लगेच कीटकनाशक ओततात. इथं थोडं थांबून पाहावं. उधईचं पहिलं खाणं म्हणजे मेलेलं, वाळलेलं गवत. पापुद्रे फक्त डागाच्या मध्यात असतील तर गवत आधी मेलं आणि उधई नंतर जेवायला आली. काठावरच्या जित्या गवताच्या मुळाशी तिच्या वाटा आणि कुरतडलेल्या मुळ्या दिसल्या तरच ती आरोपी.

बाकीचे किरकोळ. कुत्र्याच्या लघवीचा डाग गोल, मध्ये मेलेला आणि भोवती गर्द हिरवं कडं, कारण काठावर तेच नत्र खत ठरतं. युरिया हातानं फेकताना मूठ जिथं सांडली तिथं दोन-तीन दिवसांत करपतं. मशिननं उंचवट्यावर टकलू केलेला पट्टा सरळ रेषेत असतो. निसर्ग सरळ रेषा क्वचितच काढतो, म्हणून सरळ कडेचा डाग दिसला की माणसाचा, पाइपचा किंवा भिंतीचा हात शोधावा. पश्चिमेच्या भिंतीलगतचा आणि पेव्हिंग ब्लॉकच्या कडेचा पट्टा दरवर्षी पहिल्यांदा जातो तो याचमुळे.

बुरशीला मी साफ निर्दोष सोडत नाही. रोज संध्याकाळी फवारा, झाडाची दाट सावली आणि वर युरियाचा भडिमार असेल, तर तेवढ्या कोपऱ्यात दमट हवा माणूसच तयार करतो. कोरड्या उष्णतेत जोर धरणाऱ्या बुरशीही आहेत, ज्वारीवरचा खडखड्या त्यातलाच. संशय असेल तर नमुना नीट घ्यावा. मधलं मेलेलं गवत पिशवीत भरून नेण्यात अर्थ नाही, तिथं आता नुसतं कुजकं खाणारे जीव सापडतात. अर्धा हिरवा, अर्धा तपकिरी असा काठाचा मातीसकट चौकोन कापा, कागदात गुंडाळा आणि त्याच दिवशी तज्ज्ञापर्यंत पोचवा.

निदान न करता फवारणी करण्याला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण फक्त वाया जाणारा पैसा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास माणसं दगावली, शेकडो आजारी पडली. ती कपाशी होती, पोटाचा प्रश्न होता. शोभेच्या गवतासाठी, मुलं जिथं उघड्या पायांनी खेळतात तिथं, अंदाजानं विष मारणं मला पटत नाही.

पाण्याचाच दोष ठरला तर रोज शिंपडणं बंद करून पहाटे, दिवसाआड किंवा तीन दिवसांनी खोल पाणी द्यावं. मुरुमाच्या जागी माती खणून बदलेपर्यंत तेवढ्या तुकड्याला थोडं-थोडं पण वारंवार. गवत बोटभर उंच ठेवावं, म्हणजे मातीवर सावली राहते. हजार चौरस फुटांच्या लॉनला हा हिशेब रोज ५०० लिटरच्या आसपास जातो. गावात टँकर सुरू असेल तर इतकं पाणी गवताला घालायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. नाही घातलं तरी हरळी मरत नाही. शेतकरी उन्हाळ्यात खोल नांगरट करून तिच्या काशा (जमिनीखालची आडवी खोडं) उन्हात वाळवतो आणि तरीही ती आषाढात पुन्हा उगवते. तिच्याच अंगणातल्या बहिणीला दोन महिने तहान सोसवते. आठ-दहा दिवसांतून एकदा काशा जिवंत राहण्यापुरतं पाणी पुष्कळ झालं. काश खुरप्यानं उकरून मोडून पाहावी: आतून पांढरी, टणक असेल तर गवत झोपलंय, पिचपिचीत किंवा पोकळ असेल तर गेलंय.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की पंधरवड्यात झोपलेला भाग फुटायला लागतो. तेव्हाही जो तुकडा तपकिरीच राहील तो सब्बलीनं फूटभर खणून पाहा. तिथं बहुतेक वेळा विटांचा चुरा निघतो. निघाला नाही, आणि सकाळच्या ओलाव्यात काठावर राखाडी वलय दिसलं, तर मग खुशाल रायझोक्टोनियाचं नाव घ्या.