परदुःख शीतळ का असतं?

‘परदुःख शीतळ’ या म्हणीत दुःखाइतकंच वजन ‘पर’ या शब्दाला आहे. कोण आपलं आणि कोण परकं हे मेंदू ठरवतो कसं? आणि मुळात सगळेच आपले का होत नाहीत?

दुसऱ्या प्रश्नाचा धागा माकडांकडे सापडतो. माकडं तासन्‌तास एकमेकांचे केस उकलत, त्यातले किडे वेचत बसतात. नुसत्या स्वच्छतेला एवढा वेळ लागत नाही. त्या स्पर्शाने मेंदूत एंडॉर्फिन हे सुखावणारं रसायन पाझरतं, अंग सैलावतं, आणि ज्याच्यापुढे आपण असे निर्धास्त लोळतो तो उद्याच्या मारामारीत आपल्या बाजूने उभा राहण्याची शक्यता वाढते. पण हे काम एका वेळी एकाशीच होतं. काही जातींचा दिवसाचा पाचवा हिस्सा यातच जातो. त्याहून जास्त दिला तर खायचं कधी?

वेळेसारखाच मेंदूही तोकडा पडतो. नातं सांभाळणं म्हणजे नुसते चेहरे ओळखणं नव्हे. कोणाचं कोणाशी पटतं, कोणाचं फाटलंय, हेही ध्यानात ठेवावं लागतं. पाच जणांत अशा दहा जोड्या होतात, दीडशे जणांत ११,१७५. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार यांनी १९९२ मध्ये माकडं आणि वानरांच्या मेंदूचं बाह्य आवरण आणि त्यांच्या कळपाचा आकार यांची सांगड घातली. आवरण उरलेल्या मेंदूच्या मानाने जितकं मोठं, तितका कळप मोठा. त्याच सूत्रात माणूस बसवला तर आकडा आला साधारण १५०. म्हणजे अगदी जिवाभावाचे पाचेक, त्याबाहेर पंधरा, मग पन्नास, आणि ओळखदेख टिकवता येईल असे दीडशे.

हा आकडा इतका गाजला की लोक तो निसर्गनियमासारखा सांगतात. तसा तो नाही. २०२१ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी हेच गणित नव्या पद्धतींनी केलं, तेव्हा उत्तराची व्याप्ती २ पासून ५२० पर्यंत पसरली. इतक्या सैल मापाने कोणी सदराही शिवणार नाही. तरी आकडा बाजूला ठेवला तरी हिशेब उरतोच: माया करायला वेळ आणि लक्ष लागतं, आणि दोन्ही मोजकंच मिळतं.

सहवेदनेलाही ही मर्यादा भोवते. अमेरिकेतल्या एका प्रयोगात (२००७) लोकांना एक प्रश्नावली भरण्याबद्दल पाच डॉलर दिले आणि त्यातून दान करायची संधी दिली. काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी दाखवली, काहींना मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीचा फोटो आणि तिची हकिगत. आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, मुलीला २.३८. मला खरी गंमत वाटते ती तिसऱ्या गटाची. त्यांना मुलगीही दाखवली आणि आकडेही. दान १.४३ वर घसरलं! माहिती वाढली तशी कणव आटली. लाखोंच्या दुःखाला चेहरा नसतो, आणि मन चेहऱ्यावाचून हलत नाही.

आता ‘पर’ या शब्दाकडे वळू. पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ हेन्री तायफेल दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या कैदेत पडले आणि वाचले. घरचे मात्र मारले गेले. माणसं इतकी दुभंगतात कशी, हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता. त्यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या १४-१५ वर्षांच्या मुलांना दोन चित्रकारांची काही चित्रं दाखवली आणि आवडीवरून तू पॉल क्लेच्या गटात, तू कॅन्डिन्स्कीच्या, असं सांगून टाकलं. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही केली होती. गटात कोण कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग त्यांना दुसऱ्यांमध्ये पैसे वाटायला दिले. एका तक्त्याचं एक टोक होतं आपल्या गटाच्या मुलाला १९, दुसऱ्या गटाच्याला २५. दुसरं टोक होतं आपल्या गटाच्याला ७, दुसऱ्या गटाच्याला १. समान वाटणीची ओढ मुलांमध्ये होती, पण निवड सारखी दुसऱ्या टोकाकडे कलायची. आपल्या गटाला कमी मिळालं तरी चालेल, त्यांच्यापेक्षा जास्त मिळायला हवं. जुनं वैर, भाषा, धर्म, काहीही नसताना!

म्हणजे कुंपण घालायची खोड जुनी असली तरी ते कुठे घालायचं हे जन्माने ठरून येत नाही. शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगांत पांढरे उंदीर नळीत अडकलेल्या अनोळखी पांढऱ्या उंदराला दार उघडून सोडवायचे, काळ्या डोक्याच्या अनोळखी जातीला नाही. मग त्यांना दोन आठवडे काळ्या डोक्याच्या एकाच उंदराबरोबर ठेवलं, आणि ते त्या जातीच्या अनोळखी उंदरांनाही सोडवू लागले. जन्मापासून काळ्या डोक्याच्यांत वाढलेल्या पांढऱ्या पिल्लांनी तर मोठेपणी अनोळखी पांढऱ्यांना मदत केली नाही. आरसा कोणी दाखवला नव्हता. सोबत वाढलेले तेच त्यांचे जातभाई.

माणसाचं कुंपण हलवायला तर दोन आठवडेही लागत नाहीत. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या चाहत्या विद्यार्थ्यांना आधी आपल्या संघाबद्दल लिहायला लावलं आणि मग दुसऱ्या इमारतीकडे पाठवलं. वाटेत एक धावपटू घसरून पडायचा आणि घोटा धरून कण्हायचा. अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर १३ पैकी १२ जण मदतीला थांबले. प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असेल तर १० पैकी ३, साधा असेल तर १२ पैकी ४. पुढच्या खेपेला संशोधकांनी एकच गोष्ट बदलली: संघाऐवजी ‘फुटबॉलचा चाहता असण्याबद्दल’ लिहायला सांगितलं. प्रयोग छोटा होता, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा. लिव्हरपूलचा शर्ट घातलेल्यासाठी आता १० पैकी ७ जण थांबले.

आणि साध्या शर्टातला? त्याच्यापाशी नऊपैकी दोघेच.